फुलदाणीवरची साठ अक्षरं

नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला एक देणगी जाहीर झाली. सुमारे सतराशे चिनी भांडी. किंमत अंदाजे एक अब्ज पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात दहा हजार कोटी रुपयांच्या वर. ब्रिटनमधल्या कुठल्याही संग्रहालयाला मिळालेली किमतीने ही सर्वांत मोठी भेट, असं तेव्हा सांगितलं गेलं. आपल्याकडे विधानसभेची धामधूम होती. कुणाला पडलीये भांड्याकुंड्यांची? बातमी आली आणि गेली.

पण ही भांडी जमवणारा माणूस मुंबईत जन्मलेला होता. मुंबईतच शिकलेला. त्याच्या वडिलांनी उभी केलेली बँक आज तुमच्या-आमच्या तालुक्यात आहे, कदाचित तुमचं खातंही तिच्यात असेल. तेव्हा ही बातमी थोडी आपलीही होती. आणि त्या सतराशे भांड्यांमध्ये दोन फुलदाण्या अशा आहेत की त्यांच्यावरून आपल्या गावच्या देवळांबद्दल बोलायची फार दिवसांची इच्छा आहे. म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

या जोडीला जगभर ‘डेव्हिड फुलदाण्या’ म्हणतात. उंची साधारण दोन फूट. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर निळं चित्रकाम. खालपासून वरपर्यंत इंचभर जागा मोकळी सोडलेली नाही. पायथ्याशी कमळाच्या पाकळ्या, त्यावर फुलांची वेल, मग लाटा, मधल्या फुगीर भागावर ढगांतून वळसे घेत जाणारा चार नख्यांचा ड्रॅगन, वर पुन्हा कमळवेल, मानेवर पंख पसरलेले फिनिक्स पक्षी, त्यावर केळीची पानं, अगदी तोंडाशी शेवंती. मानेच्या दोन्ही बाजूंना मुठीच्या जागी हत्तीची मुंडकी. त्यांच्या सोंडांत पूर्वी कड्या होत्या, त्या आता नाहीत.

देखण्या आहेतच. पण नुसत्या देखणेपणावर त्या एवढ्या मोठ्या झाल्या नाहीत. त्यांच्याहून नाजूक, त्यांच्याहून सफाईदार भांडी त्याच संग्रहात ढिगाने आहेत. यांचं महत्त्व मानेवर, केळीच्या पानांच्या मधल्या जागेत लिहिलेल्या साठेक चिनी अक्षरांमुळे.

काय लिहिलंय? कुठल्या राजाची स्तुती नाही, कविता नाही. अमुक विभाग, युशान तालुका, अमुक मंडळ, अमुक गाव, अमुक वस्ती असा पूर्ण पत्ता आहे. आपल्या ‘मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा’सारखाच. त्या गावचा जांग वेनजिन नावाचा भक्त सांगतो की एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी असा संच मी आनंदाने अर्पण करतोय. कुणाला? शिंगयुआनच्या देवळातल्या हू जिंगयी या सेनापतीला. हा सेनापती लोकांनी पुढे देव मानलेला, आपल्याकडे एखाद्या वीराचं ठाणं होतं तसा. आणि मागणं काय? सगळ्या घरादाराचं रक्षण व्हावं, मुलामुलींना सुखशांती मिळावी. शेवटी तारीख. जिझेंग राजवटीचं अकरावं वर्ष, चौथा महिना, शुभ दिवस. म्हणजे इसवी सन १३५१.

नवस म्हणा, देणगी म्हणा. आपल्या देवळातल्या समईवर किंवा घाटाच्या पायरीवर जे असतं तेच हे. फलाण्या गावच्या फलाण्याने देवाच्या चरणी वाहिली, शके इतके.

१३५१ म्हणजे नेमकं कधी ते जरा आपल्या बाजूने बघू. दौलताबादेत बहमनी सत्ता उभी राहून चारच वर्षं झाली होती. नामदेवरायांनी समाधी घेतली ते साल परंपरेने १३५० मानतात. दिल्लीत फिरोजशाह तुघलक गादीवर आला तो १३५१ लाच. आणि चीनमध्ये? तिथे कुबलाई खानाच्या वंशजांचं, मंगोलांचं राज्य होतं आणि ते गळायला लागलं होतं. ज्या वर्षी जांग वेनजिनने मुलाबाळांसाठी शांती मागितली, त्याच वर्षी लाल पागोटेवाल्यांचा उठाव पेटला. पुढची सतरा वर्षं मारामारीत गेली. जियांगशी प्रांतात, जिथे या फुलदाण्या घडल्या त्याच प्रांतात, पोयांग सरोवरावर १३६३ मध्ये प्रचंड आरमारी लढाई झाली. १३६८ ला मंगोल गेले, मिंग घराणं आलं.

आता मुद्द्यावर येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाणकारांचा पक्का समज होता की उत्तम निळी-पांढरी भांडी म्हणजे मिंग काळातली. मंगोल काळात असलं काम? शक्यच नाही. फार तर ओबडधोबड सुरुवात झाली असेल. १९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या रॉबर्ट हॉब्सन यांनी या मजकुराकडे लक्ष वेधलं, तरी बरीच वर्षं कुणी फारसं हललं नाही. अक्षरं काय, कुणीही लिहील, असा संशय होता. आणि तो अगदी चुकीचाही नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात खोट्या तारखा घालणाऱ्यांची कमी तेव्हाही नव्हती, आजही नाही.

शंका फिटली ती १९५० च्या दशकात. वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीतले जॉन पोप यांनी काय केलं, तर या दोन फुलदाण्यांना मोजपट्टी धरलं. ड्रॅगनची नखं कशी काढलीत, कमळाचं पान कसं वळवलंय, लाटांची रेघ कशी ओढलीय, हे बारकाईने टिपलं. मग इस्तंबूलला तोपकापी राजवाड्यात गेले. तिथे उस्मानी सुलतानांनी जमवलेली दहा हजारांवर चिनी भांडी आहेत. इराणात अर्दबिलच्या दर्ग्याचा संग्रह पाहिला, जो शाह अब्बासने १६११ मध्ये अर्पण केला होता. दोन्हीकडे त्यांना तीच नखं, तीच पानं, त्याच लाटा असलेली भांडी सापडली. तारीख नसलेली. आतापर्यंत मिंग म्हणून बसलेली.

मोडीची कागदपत्रं वाचणाऱ्या कुणालाही हे चटकन कळेल. एका कागदावर तारीख असते, शेजारच्या चार कागदांवर नसते. पण अक्षर त्याच कारकुनाचं, वळण तेच, कागद तोच. मग तारखेचा एक कागद बाकीच्या चारांची तारीख सांगतो. पोप यांनी तेच केलं. एका गावकऱ्याच्या नवसाने चिनी मातीच्या कलेचा इतिहास मागे ढकलला. मंगोल काळातच हे काम पूर्ण पिकलेलं होतं, हे त्या साठ अक्षरांनी सिद्ध केलं.

काम ‘पिकलेलं’ का म्हणतात, हे ती बनवायची रीत बघितली की कळतं. या फुलदाण्या जिंगदेझेन गावातल्या. शेकडो वर्षं सगळं गाव भट्ट्यांवर जगलं. दळलेला एक खास दगड आणि पांढरी माती यांचं मिश्रण करायचं. ती माती जवळच्या गाओलिंग नावाच्या ठिकाणची, त्यावरूनच जगाला ‘केओलिन’ हा शब्द मिळाला. एवढी मोठी फुलदाणी एका दमात चाकावर उठत नाही, भाग वेगळे करून जोडायचे. सुकल्यावर कच्च्या मातीवरच कुंचल्याने चित्र काढायचं. रंग म्हणजे कोबाल्टची पूड पाण्यात कालवलेली. ती लावताना निळी दिसतच नाही, काळपट राखाडी दिसते. कच्ची माती ती लगेच पिऊन टाकते, खोडरबर नाही, दुसरी संधी नाही. त्यावर पारदर्शक झिलईचा लेप, आणि मग जवळपास तेराशे अंश सेल्सिअसची भट्टी. एवढ्या आचेत बहुतेक रंग जळून जातात. कोबाल्ट टिकतो, आणि भट्टी उघडल्यावर निळा होऊन समोर येतो.

आणि हा कोबाल्ट चिनी नव्हता. तो इराणातून यायचा. मंगोलांचं राज्य एका टोकाला चीन, दुसऱ्या टोकाला इराण असं पसरलेलं, त्यामुळे वाट मोकळी होती. इराणात निळ्या रंगाची आवड जुनीच, पण त्यांच्याकडे अशी पांढरी, कडक, टणत्कार करणारी माती नव्हती. चीनकडे माती होती, हवा तसा निळा नव्हता. दोन्ही एकत्र आले आणि ज्याला आपण आज डोळे झाकून ‘अस्सल चिनी’ म्हणतो ते तयार झालं. त्यातली मोठमोठी ताटं पश्चिमेच्या बाजारासाठी होती, जिथे एका ताटाभोवती बसून चार-सहा जण जेवतात. आपल्याकडेही ती आली. दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात चौदाव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. कोकणात चौलला, जिथे अरबी समुद्रातला सगळा व्यापार उतरायचा, तिथेही चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळतात. ‘चिनी माती’ हा शब्द आपल्या आजीच्या तोंडात बसला तो काही उगाच नाही. (लोणच्याची बरणी मात्र या जातीची नव्हे, ती जाड दगडी भांड्यांतली. पण शब्द तिलाही चिकटला.)

गंमत म्हणजे खुद्द चीनमधल्या रसिकांना ही भांडी भडक वाटायची. १३८८ च्या सुमारास छाव झाव नावाच्या जाणकाराने जुन्या वस्तूंची पारख सांगणारा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने निळ्या-पांढऱ्या भांड्यांना सरळ हलक्या अभिरुचीचं ठरवलंय. त्याला एकरंगी, शांत, जुन्या वळणाची भांडी आवडायची. आज त्या ‘हलक्या’ मालाला काय भाव आहे? २००५ साली लंडनच्या क्रिस्टीज लिलावात त्याच काळातला एक निळा-पांढरा रांजण सुमारे दीड कोटी पौंडांना गेला. पारख करणाऱ्यांचं शहाणपण असं असतं.

आणि हा ग्रंथ इंग्रजीत आणला कुणी? आपल्या मुंबईच्या पर्सिव्हल डेव्हिडने.

आता त्याच्याबद्दल. जन्म १८९२, मुंबई. घराणं बगदादी ज्यूंचं. वडील सर ससून डेव्हिड, गिरणीमालक, सूत-कापसाचे व्यापारी. १९०६ मध्ये मुंबईत ‘बँक ऑफ इंडिया’ स्थापन झाली तिचे संस्थापक आणि १९२६ मध्ये मरेपर्यंत तिचे प्रमुख. त्या काळी मुंबईची श्रीमंती चीनशी बांधलेली होती. एकोणिसाव्या शतकात या बंदरातून चीनला कापूस गेला, माळव्याची अफू गेली, नंतर गिरण्यांचं सूत गेलं. त्या सुतामागे गिरणगावातल्या चाळी होत्या, घाटावरून आणि कोकणातून आलेली आपलीच माणसं होती. लंडनच्या काचेच्या कपाटातल्या भांड्यांकडे बघताना हा हिशेबही डोक्यात असू द्यावा. तिथल्या पाट्यांवर तो एवढ्या ठळकपणे लिहिलेला नसतो.

पर्सिव्हल तरुणपणी लंडनला गेला आणि त्याला चिनी भांड्यांनी झपाटलं. पण हा नुसता पैसेवाला हौशी नव्हता. चिनी भाषा शिकला. पेकिंगला जाऊन राजवाड्याच्या संग्रहालयाच्या कामात मदत केली. राजघराण्याच्या ज्या वस्तू बँकेत तारण पडल्या होत्या त्यातल्या काही त्याने विकत घेतल्या. १९३५-३६ मध्ये लंडनला चिनी कलेचं जे प्रचंड प्रदर्शन भरलं त्यामागे त्याचीच धडपड होती. चीन सरकारने आपला ठेवा त्या प्रदर्शनासाठी पाठवला तो ब्रिटिश युद्धनौकेतून. आणि एक सवय फार महत्त्वाची. तो लेख असलेली भांडी मुद्दाम शोधायचा. नाव, तारीख, राजवटीची मुद्रा, काहीतरी लिहिलेलं पाहिजे. इतर संग्राहक रूप बघायचे, हा अक्षरं वाचायचा.

म्हणूनच त्या दोन फुलदाण्या पुन्हा एकत्र आल्या. देवळातून बाहेर पडून त्या एकमेकींपासून तुटल्या होत्या आणि इंग्लंडात दोन वेगळ्या मालकांकडे पोचल्या होत्या. एक चार्ल्स रसेलकडे, दुसरी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे. हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन नव्हे बरं का, तो शंभर वर्षं आधीचा. हा त्याच नावाचा विसाव्या शतकातला संग्राहक. डेव्हिडने दोन्ही मिळवल्या आणि जोडी लावली. १९५० मध्ये त्याने सगळा संग्रह लंडन विद्यापीठाकडे सोपवला, १९५२ पासून गॉर्डन स्क्वेअरमधल्या एका घरात तो लोकांना बघायला मिळू लागला. १९६४ ला डेव्हिड वारला. २००७ च्या शेवटी ती जागा बंद झाली, २००९ पासून संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात, उसनवारीवर. आणि २०२४ ला कायमचं दान.

मला या सगळ्यात डेव्हिडपेक्षा तो जांग वेनजिन जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव कुठल्याही इतिहासात येण्याचं कारण नव्हतं. पैसे मोजले, भट्टीवाल्याला सांगितलं की माझं नाव, माझं गाव, तारीख घाला. भट्टीवाल्यानेही आळस केला नाही. दोन्ही फुलदाण्यांवर पूर्ण मजकूर लिहिला. एकीवर लिहून दुसरी कोरी सोडली असती तरी कुणी विचारलं नसतं. आणि मग ती कोरी आज कुठल्या तरी कपाटात ‘मिंग काळ, बहुधा’ अशी चिठ्ठी लावून उभी असती.

आता आपल्या गावाकडे येऊ.

भांड्यावर नाव घालायची रीत आपल्याइतकी कुठे असेल? लग्नात रुखवताच्या हंड्या-कळशीवर नाव, तारीख, कुणाकडून कुणाला. देवाला वाहिलेल्या समईवर, घंटेवर, पालखीच्या दांड्यावरच्या चांदीच्या पत्र्यावर. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या, त्यातल्या काहींवरची सालं आजही वाचता येतात आणि मोहिमेचा पुरावा म्हणून अभ्यासक ती वापरतात. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख, शके ९३४ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत ज्याची गणना होते, तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता.

आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण काय बघतोय? जीर्णोद्धार. गावोगाव निधी येतो, जुना सभामंडप पाडतात, स्लॅब पडतो, टाइल्स बसतात. वीरगळांना ऑइलपेंट. पायरीवरचा लेख सिमेंटखाली. एका देवळाच्या कामात जुन्या समया आणि घंटा किलोवर मोडीत घातल्याचं मी स्वतः पाहिलंय. देवळाचं नाव घेत नाही, कारण एकट्या त्यांनाच कशाला बोल लावायचा, तालुक्यात डझनभर उदाहरणं मिळतील. विचारलं तर विश्वस्त म्हणाले, “अहो, चेपलेल्या होत्या, नवीन घेतल्या ना त्याच्या पैशातून.” हिशेब चोख होता, पावतीही होती. त्या समयांवर काय लिहिलं होतं, ते पावतीवर नव्हतं.

कुणी म्हणेल, आमच्या समईने कुठला जगाचा इतिहास बदलणार होता? बदलला नसताही. पण एखाद्या समईवर ज्या घराचं नाव आहे ते घर आज गावात नसेल. ते कधी होतं, कुठल्या धंद्यात होतं, समई देण्याइतकं सुखवस्तू कधी होतं, याचा दुसरा कागद कुठेही नसेल. कुणाचा देवळावर हक्क होता आणि कुणाचा नव्हता, कुणाच्या दानावर हा मंडप उभा राहिला, या वादांत तर अशी एक ओळ फार कामाची असते. बहुधा म्हणूनही काही ठिकाणी ती घाईने पुसली जाते, असं माझं मत. ते पटलंच पाहिजे असं नाही.

जांग वेनजिनने तीन वस्तू दिल्या होत्या. दोन फुलदाण्या मिळाल्या. तिसरं, धूपपात्र, अजून सापडलेलं नाही. ते होतं हेसुद्धा आपल्याला केवळ फुलदाण्यांवर लिहिलंय म्हणून कळतं.

आता एक काम सांगतो. तुमच्या घरात, वाड्यात, गावच्या देवळात नाव किंवा शके घातलेली घंटा, समई, हंडा, पायरी काहीही असेल तर मोबाइलवर फोटो काढा. चिंच-मिठाने घासायच्या आधी काढा, फार घासलं की उथळ अक्षरं जातात. अक्षरं नीट दिसत नसतील तर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात किंवा बाजूने बॅटरी धरून काढा. खाली कमेंटमध्ये गावाचं नाव आणि मजकूर जसाच्या तसा टाका, शुद्धलेखन सुधारू नका. मोडी असेल तरी चालेल, वाचून देणारे दोघे-तिघे आपल्या यादीत आहेत. देवळातल्या वस्तूची नेमकी जागा मात्र लिहू नका, चोरही फेसबुक वाचतात.